एक्सप्लोरर गेल्यावर डिजिटल सही कशी केली : माझा अनुभव

एज ब्राउझरच्या एक्सप्लोरर मोडमध्ये असताना बॅकचं बटण दाबू नका. बाकी काही वाचलं नाही तरी एवढं लक्षात ठेवा. या सगळ्या भानगडीत माझे दोन दिवस गेले.

आमचं जयसिंगपूरला पंपदुरुस्तीचं काम आहे. एका सरकारी खात्याकडे कामाचं बिल दर महिन्याला त्यांच्या साइटवर डिजिटल सही करून भरावं लागतं, आणि सहीचं ते पान अ‍ॅक्टिव्हएक्सवर चालतं, म्हणजे फक्त मायक्रोसॉफ्टच्या जुन्या इंटरनेट एक्सप्लोरर ब्राउझरमध्येच चालणाऱ्या एका जोड-प्रोग्रामवर. एक्सप्लोररचा सपोर्ट 15 जून 2022 लाच संपला होता. पण आमच्या विंडोज 10 वर तो उघडत होता, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. मग 14 फेब्रुवारी 2023 चं एजचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या नव्या ब्राउझरचं, अपडेट आलं आणि निळ्या ‘ई’वर क्लिक केलं की एजच उघडायला लागलं.

घरात प्रत्येकाचं मत वेगळं. हे म्हणाले, नवीन काढून टाक, जुनंच बरं होतं. भाचा म्हणाला, मामी, क्रोम घे. शेजारच्या सीएंच्या ऑफिसातल्या मुलीनं तर सगळी अपडेट्सच बंद करून ठेवली होती. ते मात्र कुणी करू नका. ज्या कॉम्प्युटरवरून बँकेचे व्यवहार होतात तो उघडा ठेवण्यासारखं आहे ते. क्रोमचाही उपयोग नाही, त्यात अ‍ॅक्टिव्हएक्स चालतच नाही. एजच्या पोटात मात्र एक्सप्लोररचं जुनं इंजिन ठेवलेलं आहे (त्यालाच एक्सप्लोरर मोड म्हणतात), आणि ते निदान 2029 पर्यंत ठेवणार असं मायक्रोसॉफ्टनं सांगितलंय. मला विचाराल तर एज चांगलाच आहे. जीएसटीचं काम भराभर होतं, पीडीएफ तिथंच उघडते. जुनी राहिली ती खात्याची साइट, आणि शिव्या खातो ब्राउझर.

खात्याच्या हेल्पलाइनला चार वेळा फोन केला. “मॅडम, ब्राउझर बदला.” कुठला घेऊ? “आमच्याकडे चालतंय.” बिलाची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचची होती आणि मला हे उत्तर!

सेटिंग्जमध्ये ‘डिफॉल्ट ब्राउझर’खाली एक्सप्लोरर मोडला ‘अलाउ’ करून एज पुन्हा सुरू करायचा, एवढं भाच्यानं पाच मिनिटांत करून दिलं. खरं अडलं ते पुढं. मी नेहमीसारखं लॉगिन केलं, बिल भरलं, सहीचं टोकन (पेनड्राइव्हसारखं असतं ते) लावलं, सहीच्या पानावर आले आणि तीन टिंबांच्या मेनूतून पान एक्सप्लोरर मोडमध्ये रीलोड केलं. समोर परत लॉगिनचं पान! पुन्हा तेच केलं, पुन्हा लॉगिन. पासवर्ड चुकतोय म्हणून तो बदलला. टोकनच खराब झालंय असं वाटून ते दुसऱ्या पोर्टला लावून पाहिलं. रात्री अकरापर्यंत हेच चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉगिनचं पानच आधी त्या मोडमध्ये उघडलं. पत्त्याच्या डावीकडे एक्सप्लोररचा छोटा ‘ई’ आला. लॉगिन केलं, ‘ई’ तसाच. बिलाचं पान, ‘ई’ तसाच. सहीच्या पानावर आले आणि पाहते तर रकमेत एक शून्य कमी. दुरुस्त करायला बॅक दाबलं, ‘ई’ गेला आणि मी बाहेर! तेव्हा उलगडलं. साधा एज आणि एक्सप्लोरर मोड, दोन्हीकडच्या कुकीज (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदी) वेगळ्या असतात, म्हणून इकडचं लॉगिन तिकडं चालत नाही. आणि साइटवरच्याच लिंकनं पुढं गेलात तरच तो मोड टिकतो. बॅक दाबलं किंवा वर पत्ता टाईप केला की एज आपणहून त्यातून बाहेर पडतो. पुन्हा लॉगिन करून या वेळी साइटवरच्याच ‘दुरुस्ती’ बटणानं मागं गेले. रक्कम नीट केली. पिनची खिडकी उघडली तेव्हा माझे हात थरथरत होते. 4 वाजून 20 मिनिटांनी पावती क्रमांक आला आणि मी आधी पाणी प्यायले.

एक राहिलंच. सहीची खिडकी उघडलीच नाही तर कंट्रोल पॅनेलमधल्या इंटरनेट ऑप्शन्सवर जा आणि साइट ‘ट्रस्टेड साइट्स’मध्ये घाला. तिथल्या सेटिंग्ज या मोडलाही लागू होतात. तसंच, दर वेळी रीलोड नको असेल तर त्याच ‘डिफॉल्ट ब्राउझर’खालच्या एक्सप्लोरर मोडच्या यादीत लॉगिनच्या पानाचा पत्ता जसाच्या तसा टाका. मी आधी नुसतं मुखपृष्ठ टाकलं होतं, ते लॉगिनला लागू झालं नाही.

या यादीतली नोंद 30 दिवसांनी आपोआप संपते. आमचं बिल महिन्यानं, म्हणजे नेमकं बिलाच्या वेळीच ती संपलेली असते. म्हणून बिलाच्या आदल्या दिवशी कॅलेंडरवर ‘यादी’ असं लिहून ठेवलंय. त्या दिवशी सकाळी जुनी नोंद काढून तोच पत्ता पुन्हा टाकते.