गंज निघाला, पण टाकी वाळेपर्यंत खरे नाही

वडिलांची १९९१ची यामाहा आरएक्स १०० रत्नागिरीच्या घराच्या पडवीत सहा पावसाळे झाकून ठेवलेली होती. खारी हवा ताडपत्रीला जुमानत नाही. टाकीचे झाकण काढून आत विजेरी धरली, तेव्हा तळाला तपकिरी गाळ आणि पत्र्यावर माशाच्या खवल्यांसारखे सुटलेले पापुद्रे दिसले. टाकी अर्धवट भरलेली असली की वरच्या मोकळ्या जागेतल्या दमट हवेचे पाणी होते आणि ते पेट्रोलपेक्षा जड असल्याने खाली उतरून बसते. त्यामुळेच सर्वांत जास्त गंज तळाच्या सांध्यापाशी होता.

टाकी साबणाच्या पाण्याने धुऊन, कॉकचे (पेट्रोल सोडण्या-बंद करण्याच्या तोटीचे) भोक बुचाने बंद करून, तीत १० लिटर कोमट पाण्याला ५०० ग्रॅम या हिशेबाने लिंबूसत्त्व भरले. पापुद्रे खरवडले जावेत म्हणून मूठभर नटही टाकले. (ते मोजून टाकावेत, माझा एक दुसऱ्या दिवशी सापडला.) सकाळी कोऱ्या चहाच्या रंगाचे पाणी निघाले आणि आतला पत्रा राखाडी, स्वच्छ दिसू लागला. मी समाधानाने पाण्याने विसळून जेवायला गेलो आणि परतलो तेव्हा त्याच पत्र्यावर नारिंगी साय धरली होती. आम्लाने उघडे पडलेले ओले लोखंड हवेत काही मिनिटांतच पुन्हा गंजू लागते, हे वाचलेले असूनही मी गाफील राहिलो.

दुसऱ्या खेपेस शेवटचे विसळणे खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने केले, पेट्रोलचा वास उरलेला नाही याची खात्री करून लगेच हेअर ड्रायरने टाकी आतून कोरडी केली आणि थोडे टू-स्ट्रोक ऑइल ओतून ती सर्व बाजूंनी फिरवली. आतून लेप देण्याचा सल्ला मिळाला होता, परंतु कोकणातल्या दमट हवेत नीट न धरलेला लेप पुढे सुटून कॉक आणि कार्बोरेटरची जेट (पेट्रोलची बारीक भोके) तुंबवतो, म्हणून तो मी मानला नाही.

पुढच्या शॉकअपच्या पाइपांवरचा वरवरचा तांबूस गंज ओल्या ॲल्युमिनियम फॉइलने घासून गेला. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडे उठत नाहीत. डाव्या पाइपावर मात्र नख अडकेल असे तीन खड्डे होते. ऑइल सील (तेल बाहेर येऊ न देणारी रबरी कडी) जिथे घासत नाही तिथला खड्डा अराल्डाइटने भरून बारीक पॉलिश पेपरने सपाट करता येतो. सीलच्या वाटेवरच्या दोन खड्ड्यांसाठी हार्ड क्रोम (क्रोमचा जाड, कठीण थर) करून मूळ मापापर्यंत ग्राइंडिंग करून घेणे हाच भरवशाचा उपाय होता.

चिमट्याचा, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याचा, ॲक्सल झिजला होता. वेल्डिंगने भर घालून लेथवर उतरवून देतो, असे कारागीर म्हणाला. वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादाचा कस बदलतो आणि तडा तिथूनच जातो, म्हणून मी नवा ॲक्सल घेतला. ॲक्सलभोवतीचे बुश (नळीसारखे अस्तर) मात्र त्याच्याकडूनच गनमेटलचे (तांब्याच्या मिश्रधातूचे) करून घेतले आणि ते उत्तम बसले. डाव्या पाइपाचे काम अजून क्रोमवाल्याकडे आहे, त्यामुळे गाडी तूर्त पडवीतच, पण टाकी काठोकाठ भरून उभी आहे.