मंगळावरच्या किरणोत्सवाचे गणित

विज्ञानकथा लिहिणाऱ्या माणसाला वाचक बहुधा एकच गोष्ट विचारतात: यातले खरे किती आणि बनवलेले किती? माझ्या एका कथेबद्दल हा प्रश्न जरा जास्तच आला, कारण ती घडते मंगळावर आणि तिचा उगम आहे कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर. मंगळावर स्थायिक झालेल्या कोल्हापूरकरांची तिसरी पिढी जमिनीखाली अंबाबाईचे देऊळ कोरते आणि ते किरणोत्सवासह कोरायचे असा हट्ट धरते, एवढेच त्या कथेचे बीज. तिच्यामागचे गणित इथे मांडते आहे. कथेतला पेच मी आधी योजून मग त्याला विज्ञानाचा मुलामा देते, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात मी हिशेब करत बसते आणि जिथे हिशेब जुळत नाही तिथे मला कथा सापडते.

कोल्हापूरकरांना किरणोत्सव समजावून सांगायला नको, पण बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. ९, १० आणि ११ नोव्हेंबर, तसेच ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी या दिवशी मावळतीची किरणे महाद्वारातून आत शिरतात, गरुड मंडप, गणपती चौक आणि कासव चौक ओलांडून पितळी उंबरठ्यावर येतात, आणि आकाश स्वच्छ असेल तर गाभाऱ्यात मूर्तीच्या चरणांना स्पर्श करून वर चढू लागतात. मंडपात दाटीवाटीने उभ्या असलेल्या माणसांना प्रथम दिसते ते उंबरठ्याचे पितळ तापल्यासारखे लालसर झालेले. त्यानंतरचा खेळ काही मिनिटांचाच असतो. किरणे वर सरकता सरकता मूर्तीच्या डावीकडे झुकतात आणि दिसेनाशी होतात. हे डावीकडे झुकणेही हिशेबातले आहे. आपल्या अक्षांशावर सूर्य सरळ खाली न उतरता उत्तरेकडे कलत मावळतो, त्यामुळे पश्चिमाभिमुख देवळात त्याचा प्रकाश दक्षिणेकडे, म्हणजे देवीच्या डाव्या हाताला सरकतो.

वर्षातून दोनदाच हे का घडते, याचे उत्तर शाळेच्या भूगोलात आहे. पृथ्वीचा आस सुमारे २३.४ अंशांनी कललेला असल्यामुळे सूर्य वर्षभर उत्तर-दक्षिण ये-जा करतो. १० नोव्हेंबरच्या सुमारास तो विषुववृत्ताच्या साधारण १७ अंश दक्षिणेला असतो आणि कोल्हापुरातून पाहता पश्चिमेपासून दक्षिणेकडे जवळजवळ १८ अंशांवर मावळतो. तिथून तो आणखी दक्षिणेला जातो, २१-२२ डिसेंबरला परत फिरतो आणि १ फेब्रुवारीच्या सुमारास पुन्हा त्याच जागी येतो. जातानाचे दिवस मोजले तरी एक्केचाळीस-बेचाळीस आणि येतानाचे मोजले तरी तेवढेच.

दिवस जुळले तरी घड्याळ जुळत नाही. सूर्याची आकाशातली जागा तीच असूनही नोव्हेंबरातला सूर्यास्त फेब्रुवारीतल्या सूर्यास्तापेक्षा जवळपास अर्ध्या तासाने लवकर होतो. आसाचा कल आणि पृथ्वीच्या कक्षेचे किंचित लंबवर्तुळाकार असणे, या दोन कारणांमुळे सूर्य आपल्या घड्याळाच्या कधी पुढे असतो, कधी मागे. १० नोव्हेंबरच्या आसपास तो सुमारे १६ मिनिटे पुढे असतो आणि १ फेब्रुवारीला साडेतेरा मिनिटे मागे. हा अर्धा तास माझ्या ध्यानात आला आणि मनात विचार आला की पृथ्वीची कक्षा जवळजवळ वर्तुळ असूनही जर एवढा फरक पडत असेल, तर मंगळावर काय होईल?

मंगळाची कक्षा चांगलीच लांबट आहे. पृथ्वीच्या कक्षेची विकेंद्रता, म्हणजे लांबटपणाचे माप, ०.०१७ तर मंगळाची ०.०९३. याच लांबटपणामुळे खगोलशास्त्रज्ञ केप्लरला लंबवर्तुळ सापडले. टायको ब्राहे या खगोलनिरीक्षकाच्या नोंदींशी ताळा घेताना वर्तुळाच्या हिशेबात ८ कलांचा (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे सूर्यबिंबाच्या जेमतेम पाव भागाएवढा फरक राहत होता, तो त्याने झटकून टाकला नाही, आणि १६०९ साली मंगळाची कक्षा वर्तुळ नाही हे जगापुढे मांडले. ज्या माणसाने एवढ्याशा तफावतीसाठी वर्षे घालवली त्याच्याबद्दल मला फार आदर आहे. मराठी विज्ञानकथेत म्हातारे प्राध्यापक आणि त्यांना भाबडे प्रश्न विचारणारी पुतणी यांच्या संवादातून विज्ञान सांगण्याची जी खोड आहे, तिच्यापेक्षा ८ कलांची एक तफावत कथेला जास्त पुढे नेते.

तर हिशेब असा. वसाहतीसाठी मी जेझेरो विवराचा परिसर निवडला. २०२१ च्या फेब्रुवारीत पर्सिव्हिअरन्स ही बग्गी तिथे उतरली, आणि त्याचा अक्षांश १८.४ अंश उत्तर, म्हणजे कोल्हापूरच्या १६.७ अंशांच्या बराच जवळ. मंगळाच्या आसाचा कल २५.२ अंश, तोही आपल्यासारखाच. कोल्हापूरच्या सूर्यास्ताची दिशा जशीच्या तशी ठेवून तिथे देऊळ कोरले, तर किरणे वर्षातून दोनदा आत येतील याची खात्री झाली. वसाहत मात्र विवराच्या तळात ठेवता आली नाही, कारण पश्चिमेकडचा कडा सूर्याला वेळेआधीच झाकून टाकतो. कोल्हापुरात नव्या इमारतींच्या गच्च्या किरणांच्या वाटेत येतात तसाच हा प्रकार. म्हणून माझे कोल्हापूरकर कड्याच्या माथ्यावर, पश्चिम उतारावर राहतात.

मंगळ सूर्याच्या सर्वांत जवळ येतो तो उत्तर गोलार्धातल्या हिवाळ्याच्या जरा आधी, आणि जवळ असताना तो कक्षेत वेगाने धावतो. परिणामी सूर्य ठरलेल्या जागेवरून दक्षिण टोकाला जायला मंगळाचे सुमारे ७२ दिवस घेतो आणि तिथून त्याच जागी परतायला ७५. मंगळाचा दिवस २४ तास ३९ मिनिटांचा, त्यामुळे हे दिवस आपल्यापेक्षा थोडे मोठे आहेत, पण मेख ती नाही. मेख आहे ती मधल्या तीन दिवसांत. कोल्हापूरच्या सवयीने जाताना मोजलेले दिवस येतानाही मोजणारा पुजारी ७२ व्या दिवशी सगळ्या वसाहतीला देवळात गोळा करील आणि प्रकाश मूर्तीवर पडणारच नाही. घड्याळ तर त्याहून फसवे, कारण दोन उत्सवांच्या सूर्यास्तांमध्ये तिथे सव्वा तासाहून अधिक अंतर पडते.

प्रकाश मग नेमका कुठे पडेल? यासाठी देवळाची लांबी ठरवणे भाग होते, आणि लांबी ठरवण्यासाठी माणसे जमिनीखाली का राहतात याचा विचार करावा लागला. मंगळाला जाड वातावरण नाही आणि पृथ्वीसारखे सर्वव्यापी चुंबकीय क्षेत्रही नाही; क्युरिऑसिटी या बग्गीने तिथे मोजलेला किरणोत्सार दिवसाला सुमारे ०.६७ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्साराचे एकक) आहे. पृथ्वीवर आपल्याला निसर्गातून वर्षभरात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतो, म्हणजे तिथले चार दिवस आपल्या एका वर्षाएवढे. पिढ्यान्‌पिढ्या राहायचे तर डोक्यावर काही मीटर दगडमाती हवीच. म्हणून देवळाला सभामंडपाऐवजी ४० मीटरचा आडवा बोगदा आला आणि त्याच्या पश्चिम तोंडाला काचेचा झरोका.

या झरोक्यापाशी माझे घोडे बराच काळ अडले. बाहेरचा हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, तेव्हा आत आपल्याइतका दाब ठेवला तर प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे दहा टन भार बाहेरच्या दिशेने पडणार. वीतभर रुंद आणि हातभर उंच झरोका धरला तरी एक टन होतो. काच किती जाड लागेल याचे आकडे घेऊन मी उद्यमनगरात माझ्या मामांच्या वर्कशॉपवर गेले. त्यांनी आयुष्यभर पंपांचे सुटे भाग केले आहेत. मंगळाशी त्यांना काही देणेघेणे नाही. त्यांनी कागद पाहिला, लेथ बंद केला आणि म्हणाले, "काच कशाला फुटतीया? आधी गॅस्केट जातंय बघ. रात्रीचं थंड किती होतंय तिथं?" मी उणे ऐंशीच्या आसपास, कधी त्याहूनही खाली असे सांगितल्यावर त्यांनी नुसती मान हलवली. रबर थंडीत कडक होते आणि कडक झालेले रबर फट भरत नाही. १९८६ च्या जानेवारीत चॅलेंजर यान कोसळले ते थंडीने ताठर झालेल्या अशाच एका रबरी कड्यामुळे. कथेत पहाटेच्या वेळी झरोक्याच्या चौकटीला हात लावून बसणारी जी म्हातारी आहे, ती या संवादातून आली.

४० मीटर धरल्यावर बाकीचे आकडे आपोआप पडले. तीन दिवस आधी सूर्य साधारण ०.६ अंश जास्त दक्षिणेला असतो, त्यामुळे प्रकाशाचा पट्टा मूर्तीपासून सुमारे ४५ सेंटिमीटर उत्तरेला, म्हणजे देवीच्या उजव्या हाताच्या भिंतीवर पडतो. हातभर अंतर! हा पट्टा किलोमीटरभर दूर पडला असता तर लोकांनी बांधकामाला नावे ठेवून विषय सोडला असता. हातभर अंतरावर पडल्यामुळे वसाहतीत दोन तट पडतात: एक म्हणतो देवीने तोंड फिरवले, दुसरा म्हणतो मूर्ती हातभर सरकवा. मूर्ती सरकवली तर पुढच्या वेळी किरणे पुन्हा चुकणार, हे दोघांनाही ठाऊक नाही. सगळी कथा या ४५ सेंटिमीटरांवर उभी आहे.

मी सूट कुठे घेतली तेही सांगते. मंगळावर सूर्यास्ताच्या वेळी सूर्याभोवतीचे आकाश निळसर दिसते, कारण हवेतली बारीक धूळ निळा प्रकाश पुढच्या दिशेने जास्त सरळ पाठवते. क्युरिऑसिटीने २०१५ साली घेतलेली छायाचित्रे अनेकांनी पाहिली असतील. कथेत मूर्तीच्या मुखावर निळी झाक येते. ४० मीटर अंतर कापून आलेल्या प्रकाशात ती झाक डोळ्यांना जाणवेल की नाही, यावर मी फार ताणले नाही. कोल्हापूरच्या सोनेरी प्रकाशाशी विरोध साधत होता, तो मला हवा होता.

एका वाचकाने रास्त शंका काढली: मंगळावर पोहोचलेल्या माणसांकडे संगणक असणार, मग पुजारी दिवस मोजत कशाला बसेल? संगणकाला ते तीन दिवस अर्थातच माहीत होते. त्याला कोणी विचारले नाही, कारण उत्सव समितीने पहिल्या वर्षी पत्रिका छापून ठेवल्या होत्या. ज्याने कुठल्याही उत्सव समितीत काम केले आहे त्याला हे पटवून द्यावे लागत नाही.

दुसरी शंका नेहमीची: आपल्या पूर्वजांना हे सगळे गणित येत होते का? मला वाटते, किरणोत्सवाचे देऊळ बांधायला केप्लरची गरज नाही. एका जागी दोन काठ्या रोवून काही वर्षे सूर्यास्त पाहिला, खुणा केल्या आणि त्या खुणांवर दगड रचले तरी काम होते. त्यासाठी चिकाटी लागते, आणि त्या चिकाटीचे कौतुक करायला विमानांच्या आणि अणुबाँबच्या गप्पांची जोड द्यावी लागत नाही.

कथेचा शेवटचा भाग लाखो वर्षांनंतरचा आहे आणि तो अनेकांना तुटक वाटला. त्यामागचा आधार असा, की आपला मोठा चंद्र पृथ्वीचा आस सावरून धरतो. आसाचा कल सुमारे २२.१ ते २४.५ अंशांच्या पलीकडे जात नाही आणि हे हेलकावे ४१ हजार वर्षांचे असतात. मंगळाचे दोन्ही चंद्र नगण्य, त्यामुळे त्याचा आस भरकटतो. जाक लास्कार आणि इतर खगोलशास्त्रज्ञांनी १९९३ साली हे भरकटणे केऑटिक, म्हणजे फार पुढचा अंदाज बांधता न येणारे, असल्याचे दाखवले. गेल्या काही दशलक्ष वर्षांत तो कल सुमारे १५ ते ३५ अंशांमध्ये फिरला आहे. तो १७ अंशांच्या खाली गेला, की सूर्य माझ्या झरोक्याच्या दिशेला पोहोचतच नाही, वर्षातल्या एकाही दिवशी नाही. कोल्हापूरला ती भीती नाही. इथे धोका आहे तो गच्च्यांवरच्या पाण्याच्या टाक्यांचा.

सध्या या कथेचा दुसरा भाग लिहिते आहे आणि त्यात धुळीची वादळे आहेत. मंगळ सूर्याजवळ असतो त्याच अर्ध्या वर्षात ती उठतात, म्हणजे दोन्ही उत्सव नेमके त्या हंगामात येतात. २०१८ च्या वादळाने जवळजवळ सगळा ग्रह झाकला आणि ऑपॉर्च्युनिटी ही सौरऊर्जेवर चालणारी बग्गी १० जूननंतर पुन्हा बोलली नाही. अशा वादळात बोगद्याच्या टोकाला किती प्रकाश पोहोचेल याचे आकडे काढणे चालू आहे, आणि मामांनी दुसरेच विचारून ठेवले आहे: झरोक्याची काच बाहेरून पुसणार कोण?