रेशीमकीटक संगोपन नोंद : पिवळी अंडी, करडी अंडी

मागच्या पिढीतील आम्लप्रक्रिया केलेल्या (म्हणजे सुप्तावस्था टाळण्यासाठी आम्लात बुडवलेल्या) बायव्होल्टाइन, म्हणजे वर्षात दोन पिढ्या होणाऱ्या जातीच्या, अंड्यांचे मी दोन भाग केले होते. पहिला 25 अंश सेल्सिअसला उजेडात उबवला आणि दुसरा, थर्मोस्टॅट बदललेल्या जुन्या फ्रिजमध्ये, 15 अंशांवर अंधारात. दुसऱ्या गटाच्या अळ्या बऱ्याच उशिरा फुटल्या. पुढचे संगोपन मात्र त्याच खोलीत, त्याच तुतीवर झाले. अलीकडे त्यांच्या पतंगांनीही अंडी घातली आणि फरक डोळ्यांना दिसला.

उबदार गटातील सहाही माद्यांची अंडी तिसऱ्या दिवसापर्यंत करडी होऊन सुप्तावस्थेत गेली, म्हणजे त्यांतील गर्भाची वाढ थांबली. थंड गटातील आठपैकी सात माद्यांची अंडी पिवळीच राहिली. दहाव्या दिवशी भिंगाखाली प्रत्येक अंड्याच्या टोकाशी अळीच्या डोक्याचा काळा ठिपका दिसला. आठवीचा अंड्यांचा पुंज मात्र अर्धा करडा निघाला. उबवणीच्या काळात एकदा रात्रभर वीज गेली होती, तिलाच मी दोष देतो, पण एका पुंजावरून तसे ठामपणे म्हणणे घाईचे होईल.

आई स्वतः अंडे असताना तिने सोसलेले तापमान तिच्या अंड्यांपर्यंत पोहोचते ते संप्रेरकांमार्फत. उबदार गटातील मादी कोशितावस्थेत (प्युपा) असताना तिच्या अन्ननलिकेखालच्या चेतागंडिकेतून, म्हणजे चेतापेशींच्या गाठीतून, सुप्तावस्थेचे संप्रेरक स्रवते आणि वाढत्या अंड्यांवर काम करते. मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी बाब. कात टाकायला लावणारे एक्डायसोन अळीत पूर्ववक्षीय ग्रंथी तयार करते. ती ग्रंथी कोशितात विरून गेल्यावर बीजांडकोश हे काम करतो आणि ते संप्रेरक फॉस्फेट जोडून, म्हणजे निष्क्रिय करून, अंड्यात साठवतो. पिवळ्या अंड्यात एक विकर (एन्झाइम) हे फॉस्फेट तोडते, संप्रेरक मोकळे होते आणि गर्भ वाढत राहतो. करड्या अंड्यात ते विकर नसल्याने साठा तसाच बंद राहतो. हे मला घरी मोजता येत नाही, मी केवळ रंग पाहतो. बुटेनांट आणि कार्लसन या जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञांना 1954 मध्ये 500 किलो कोशितांतून जेमतेम 25 मिलिग्रॅम एक्डायसोन मिळाले होते, हे आठवले की माझ्या दोन टोपल्यांचा आवाका कळतो.

सुप्तावस्था मोडावी म्हणून करड्या अंड्यांचे कागद आता 5 अंशांवर ठेवले आहेत. दोन महिन्यांनी निम्मे बाहेर काढीन आणि उरलेले आणखी महिनाभर तसेच ठेवीन.