सेटअपची नोंद: ८.२५ चा डेक, ५२ ची चाकं आणि पुण्याचे रस्ते

स्केटबोर्ड शेवटी जुळला. यावेळी ठरवलं होतं की स्ट्रीटचे (कट्टे, पायऱ्या, रेलवर ट्रिक मारणारे) प्रो जे चालवतात त्याच मापांचा सेटअप करायचा, आपल्या रस्त्यांसाठी आधीच तडजोड करायची नाही. गंमत म्हणजे त्यांच्या बोर्डात गुपित असं काहीच नसतं. पॅरिस २०२४ ऑलिंपिकला जपानच्या युतो होरिगोमेनं शेवटच्या प्रयत्नात नॉली २७० ब्लंटस्लाइड (पुढच्या टोकावरून उडी, पाऊण फेरा आणि मग रेलवर घसरणं) मारून ९७.०८ गुण घेतले आणि अमेरिकेच्या जॅगर ईटनला अवघ्या ०.१० गुणानं मागे टाकून सोनं नेलं. त्या वर्गाचे स्केटर ज्या जातीचं सामान वापरतात ते दुकानात आपल्यालाही मिळतं. फरक एवढाच, की त्यांना डेक (उभं राहायची फळी) फुकट येतात आणि पॉप (डेकची उसळी) जरा उतरला की नवा लागतो. आपण टेल, म्हणजे मागचं टोक, झिजून धार येईपर्यंत ओढतो.

डेक सात थर मेपलचा, ८.२५ इंच. स्ट्रीटला साधारण ८ ते ८.५ चालतं. रुंदी वाढली की उतरताना पाय नीट सापडतो, पण फ्लिपमध्ये बोर्ड हवेत सावकाश फिरतो. ट्रक (चाकं धरणारा धातूचा भाग) इंडिपेंडंट १४४, म्हणजे अॅक्सल बरोबर डेकच्या रुंदीचा. बुशिंग (ट्रकमधल्या रबरासारख्या चकत्या) आलेत तेच, ९०ए; ए हे कडकपणाचं माप, आकडा मोठा तेवढं कडक. किंगपिन (ट्रकचा मधला बोल्ट) अर्धा फेरा सैल केला आणि वळणं लगेच सुधारली. ग्रिपबद्दल (डेकवरचा खरखरीत थर) काय बोलायचं, काळी आहे.

खरी गोष्ट चाकांची. स्पिटफायर फॉर्म्युला फोर, ५२ मिमी, ९९ए. सोसायटीच्या पार्किंगमधल्या कोटा फरशीवर स्वर्ग! पॉवरस्लाइड मारली (चाकं आडवी घसरवली) तरी फ्लॅटस्पॉट नाही, म्हणजे चाक एका जागी चपटं होत नाही, आणि चाक लहान म्हणून बोर्ड जमिनीलगत राहतो, पॉप झटकन बसतो. गेटबाहेर डांबरावर आलं की तेच चाक दात वाजवतं. चाकाचं कडक युरेथेन दबत नाही, त्यामुळे प्रत्येक खडी थेट घोट्यात. ही चाकं गुळगुळीत काँक्रीट आणि संगमरवरी कट्ट्यांसाठी आहेत, खोदून बुजवलेल्या रस्त्यासाठी नाहीत. म्हणून जाण्यायेण्यासाठी जुन्या बोर्डला ५६ ची ७८ए चाकं आणि खाली एक अष्टमांश इंचाचे रायझर (ट्रक उंचावणाऱ्या पट्ट्या), नाहीतर व्हीलबाइट, म्हणजे वळताना चाक डेकला घासणं, ठरलेला. नवा बोर्ड पाठीवर. लोक बघतात, बघू देत.

बेअरिंग साधे ६०८ मापाचे. एबेकच्या आकड्यावर पैसे घालवू नका. तो आकडा अचूकपणा सांगतो, उडी मारून उतरताना बसणारा आडवा मार सोसण्याबद्दल काही सांगत नाही. पावसाळ्यात मात्र जपायला हवं: शील्ड (बेअरिंगचं झाकण) काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवा, पूर्ण वाळवा, मग एखादा थेंब पातळ तेल. डेकचंही तेच. दमट हवेत तबला उतरतो तसा टेलचा आवाज उतरतो, मेपल ओल पितं. रात्री बोर्ड गॅलरीत ठेवू नका.

प्रगती: फ्रंटसाइड ५०-५० (कट्टा समोर ठेवून, दोन्ही ट्रक कडेवर घासत जाणारा ग्राइंड) आता कट्ट्याच्या शेवटपर्यंत जातोय. मेण लावलं की वॉचमनकाका ओरडतात, पण काका तसे भले आहेत. बॅकसाइड, म्हणजे कट्ट्याकडे पाठ करून मारलेला, अजून अर्ध्यात सुटतो. मागचा ट्रक कडेवर टेकतच नाही, खांदे लवकर उघडतात असं व्हिडिओत दिसलं.

पुढचा विचार कॉनिकल (शंकूसारख्या) आकाराच्या १०१ए चाकांचा. ग्राइंडमध्ये ती जास्त घट्ट बसतात म्हणे. कोणी ९९ आणि १०१ दोन्ही चालवली असतील, तर कोट्यावर घसरण्यात किती फरक पडतो ते सांगा.