तासानंतरचे रसायनशास्त्र

सांगलीत बारावी विज्ञान शाखेत शिकताना रसायनशास्त्रातील कठीण भाग आम्हाला खऱ्या अर्थाने उलगडला तो विश्रामबागेतील एका मैत्रिणीच्या घरी, सर्वांनी एकत्र बसून केलेल्या अभ्यासात, असे मला मनापासून वाटते.

सर्वाधिक वेळ विद्युतरसायनशास्त्राला, म्हणजे रासायनिक अभिक्रिया आणि वीज यांच्या संबंधाच्या अभ्यासाला, लागे. जस्त आणि चांदीच्या विद्युतघटाचे समीकरण संतुलित करताना चांदीच्या आयनापुढे 2 हा अंक येतो, म्हणून तिचे 0.80 व्होल्ट हे प्रमाण विभवही (ठरावीक परिस्थितीत मोजलेला विद्युत दाब) दुप्पट करावे, असे अनेकांना वाटत असे. त्यावर एका मैत्रिणीने नेमके स्पष्टीकरण दिले: विभव म्हणजे प्रत्येक कूलॉम प्रभारामागील ऊर्जा, इलेक्ट्रॉन दुप्पट झाले तर ऊर्जाही दुप्पट होते, त्यामुळे दोहोंचे गुणोत्तर तेच राहते. म्हणून 0.80 मधून जस्ताचे उणे 0.76 वजा करून उत्तर 1.56 व्होल्टच येते, आणि तो 2 हा अंक मुक्त ऊर्जा (घटातून कामासाठी मिळू शकणारी ऊर्जा) काढताना, 96,500 या फॅरडे स्थिरांकासोबत (एक मोल इलेक्ट्रॉनांचा कूलॉममधील प्रभार) गुणायचा असतो.

दर्शकांसाठी, म्हणजे रंग बदलून आम्ल की आम्लारी हे दाखवणाऱ्या पदार्थांसाठी, मात्र हळद पुरेशी ठरली, आणि सांगलीत तिची काय उणीव! धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात ती तांबूस होते, लिंबू पिळल्यावर पुन्हा पिवळी.

तयार उत्तर उतरवून देणे ही मदत नव्हे, असे माझे ठाम मत आहे. म्हणून अडलेल्याने आधी आपली आकडेमोड मोठ्याने वाचून दाखवावी आणि इतरांनी ती संपेपर्यंत थांबावे, हा नियम आम्ही कसोशीने पाळत असू.