नोजव्हील आणि मी: ३१ तासांनंतर

मागच्या वेळी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की लँडिंग हातात बसतंय, तर ते मागे घेतो. विमान चालवायला शिकतोय, सेस्ना १७२ (चार सीटचं छोटं विमान) वर ३१ तास झाले आणि या आठवड्यात तीनदा मी तिन्ही चाकांवर एकदमच टेकलो (आधी मागची दोन मेन चाकं टेकायला हवीत, नोजव्हील म्हणजे नाकाखालचं चाक शेवटी). तिसऱ्या वेळी पेडल्समधून असला थरथराट आला की तळवे झिणझिणले, मला वाटलं टायरच गेला, पण तो शिमी होता, म्हणजे पुढच्या चाकाचं डावं-उजवं थडथडणं. पुढच्या स्ट्रटवर (चाकाच्या दांड्यावर) ते थोपवणारा शिमी डॅम्पर असतो, तो थकला की होतं असं, पण शिकवणारे सर म्हणाले, "डॅम्पर बघू नंतर, आधी तू ते चाक आपटणं बंद कर."

चूक स्पीडची होती. फुल फ्लॅप्स (पंखांमागच्या झडपा पूर्ण खाली), ६५ नॉट्स (ताशी सागरी मैल) ठेवायला हवे तिथे मी ७२ घेऊन यायचो, मग विमान तरंगत राहायचं, मी वैतागून योक (विमानाचं हँडल) थोडा पुढे ढकलायचो. हेच करायचं नसतं! वजन नोजव्हीलवर गेलं की मागची चाकं हलकी होतात, ब्रेक नीट लागत नाहीत आणि विमान हातगाडीसारखं पुढच्या चाकावर फिरायला बघतं. उसळ्या सुरू झाल्या तर गो-अराउंड, म्हणजे लँडिंग सोडून परत वर, योकने मारामारी करायची नाही. वर १७२ चा नोज गिअर थेट फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीला) जोडलेला, म्हणजे जोरात आपटलं तर तिथला पत्राच चुरगळतो.

गंमत म्हणजे ट्रायसायकल गिअर (दोन चाकं मागे, एक पुढे) तसं बरंच सांभाळून घेतं. सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी (वजनाचा मध्य) मेन चाकांच्या पुढे, त्यामुळे थोडं वाकडं टेकलं तरी विमान स्वतःहून सरळ होऊ बघतं, टेलड्रॅगरमध्ये (तिसरं चाक शेपटीखाली असलेल्या विमानात) ती मागे असते म्हणून शेपूट गरकन फिरायला टपलेलं. पण या लाडानेच पाय आळशी होतात असं माझं मत (टेलड्रॅगरवाले आता हसतील, हसा).

काल सहा सर्किट्स (उडायचं, फेरी मारून परत उतरायचं). नजर रनवेच्या टोकाला, योक हळूहळू मागे, स्टॉल हॉर्न (पंखांची उचल संपत आल्याचा भोंगा) कुंईकुंई करायला लागला आणि मेन चाकं टेकली. इथेच माझा हात सैल पडायचा, लँडिंग झालं समजून. काल नाही सोडला, उलट अजून मागे घेत गेलो, स्पीड उतरला तसं नाक आपसूक खाली आलं, पेडल्समध्ये काहीच जाणवलं नाही. सहापैकी चार अशी झाली. पाचव्याला परत सपाट, सहाव्याला क्रॉसविंडमध्ये (बाजूच्या वाऱ्यात) टेकल्यावर एलेरॉन (पंखांच्या टोकांच्या, योक वळवून हलणाऱ्या झडपा) वाऱ्याकडे धरायचा विसरलो आणि सरांनी न बोलता माझा योक वळवला.