निर्मात्याची सही

पावसाळा तोंडावर आला की कागदांच्या फायली उन्हातून नव्हे, पंख्याखालून काढाव्या लागतात. उन्हानं शाई उडते. नाटकवाल्यांची पत्रं जमवणाऱ्याची निम्मी दुपार त्यातच जाते.

प्रयोग सुटल्यावर वह्या पुढे होतात त्या नटांपुढे. निर्माता बुकिंगच्या खिडकीआड हिशेब लावत बसलेला असतो, त्याला कुणी विचारत नाही. त्याची सही हवी तर वेळ साधावी. तिसऱ्या घंटेआधी नको, तेव्हा एखादा नट पोचलेला नसतो. शेवटीही नको, तेव्हा नाइटची, म्हणजे त्या प्रयोगाच्या मानधनाची, पाकिटं वाटायची असतात. पहिला अंक उघडून दहा मिनिटं झाली, चहा आला, की जावं.

पण खरी गंमत निर्मात्यांच्या जुन्या पत्रांत. वर ‘श्री’, मग ‘स. न. वि. वि.’, आणि लगेच पैसे! बयाणा म्हणजे आगाऊ रक्कम, सामानाचा ट्रक, मंडळींची उतरायची सोय. एवढं झालं की ‘लोभ असावा’. अशी पत्रं नाट्यगृहात नाही, गावोगावी प्रयोग लावणाऱ्या ठेकेदारांच्या कपाटात सापडतात. त्यांतच बयाण्याच्या पावत्या असतात. एक आण्याचं रेव्हेन्यू तिकीट आणि त्यावरून आडवी गेलेली सही.

घेण्याआधी तारीख तपासावी. दादरचा पत्ता ‘मुंबई २८’ असेल तर ठीक, पण ‘४०० ०२८’ छापलेल्या कागदावर १९६५ सालचं पत्र कसं असेल? पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ला. ‘तो मी नव्हेच’ १९६२मध्ये रंगमंचावर आलं ते मो. ग. रांगणेकरांच्या नाट्यनिकेतन या संस्थेचं. प्रभाकर पणशीकरांची नाट्यसंपदा ही संस्था १९६३ची, तेव्हा तिच्या लेटरहेडवर १९६२ची तारीख दिसली तर पाकीट खिशातच ठेवावं. ललितकलादर्श नाटक मंडळीचे मालक केशवराव भोसले ४ ऑक्टोबर १९२१ला गेले. त्यापुढच्या तारखेवर त्यांची सही असेल तर विकणाऱ्याला नमस्कार करून निघावं. अस्सल कागदावरही सही मॅनेजरची असू शकते, किंवा रबरी शिक्क्याची. भिंगातून पाहावं. शिक्क्याची रेघ सगळीकडे सारख्याच दाबाची, पेनाची वळणावर जाड होते.

आता लॅमिनेशन. लॅमिनेशन करणाऱ्याला पत्र दाखवूसुद्धा नये. ते पुन्हा निघत नाही आणि उष्णतेनं कागद मरतो तो मरतोच. सेलोटेपचं तेच, काही वर्षांत पिवळी पट्टी उरते आणि डिंक कागदात मुरतो. पीव्हीसीच्या पिशवीला शाई चिकटून येते. पॉलिएस्टरची पिशवी महाग पडते, पण तीच घ्यावी. टाचण्या, स्टेपल जुलैच्या आत काढावेत, गंजाचा डाग जात नाही. पाकिटाची खळ कसरीला, म्हणजे कागद खाणाऱ्या किडीला, आवडते, म्हणून पाकीट पत्रापासून वेगळं ठेवावं. फेकायचं मात्र नाही, पोस्टाचा शिक्का त्यावरच असतो. कुणाकडून, कधी मिळालं ते मागच्या कोपऱ्यात मऊ शिसपेन्सिलीनं, हलक्या हातानं.

एवढं करूनही एखादी पावती अशी मिळते, जिच्यावरचं तिकीट कुणा पोरानं पाण्यात भिजवून सोडवलेलं असतं. कागदावर उरते आडनावाची शेपटी आणि खालची फरकाटी. रक्कम स्वच्छ वाचता येते, नाव तेवढं तिकिटाबरोबर गेलेलं. पॉलिएस्टरची पिशवी तिलाही लागतेच.